खाकी कागदावरचं पातं

या सदरातले अजब अनुभव मी आजवर चहाबरोबर वाचायचो आणि बायकोला वाचून दाखवून हसायचो, हे आधीच कबूल करतो. पुलगावच्या एका वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं लेथवर काढलेला मी माणूस. जे मोजता येत नाही ते नाहीच, हे माझं साधं गणित. नवी गाडी मुद्दाम अमावस्येला आणली, आणि मांजर आडवं गेलं तर त्यालाच हॉर्न दिला. त्यामुळे हे लिहिताना थोडी लाज वाटतेय... पण एकही शब्द पदरचा नाही.

रिटायर झाल्यापासून आम्ही वर्ध्याजवळच्या नालवाडीत राहतो. मला एक विचित्र छंद आहे — जुन्या जपानी तलवारी आणि लाकडी ठशांवरून कागदावर छापलेली जपानी चित्रं जमवायची. वर्ध्यात जपानी भिक्षूंनी उभारलेल्या शांती स्तूपामुळे जपानी माणूस दिसणं नवलाचं नाही. पंचवीसेक वर्षांपूर्वी तिथे आलेल्या एका म्हाताऱ्या जपानी पाहुण्याच्या सायकलचा एक्सल मी करून दिला होता. त्याने जाताना मला पावसातल्या होडीचं एक छोटं चित्र दिलं, आणि तिथून मी जो घसरलो तो घसरलोच. आज माझ्याकडे बावीस चित्रं आणि तीन तलवारी आहेत. तलवारींचे परवाने रीतसर, सगळ्यांची नोंद एका रजिस्टरमध्ये.

चित्रांचे रंग उन्हाने उडतात आणि कूलरच्या ओलीने कागदाला बुरशी धरते. म्हणून चित्रं-तलवारींच्या खोलीत एसी आहे. यावरून सुनंदा, म्हणजे माझी बायको, येईल त्या पाहुण्यापाशी गाऱ्हाणं मांडते. "मे महिन्यात माणसं कूलरपुढे उकडून राह्यली अन् कागदं एसीत झोपून राह्यली. पुढच्या जन्मी मले कागद कर म्हणा देवा."

तिसरी तलवार मला देवळीजवळच्या एका गावात मिळाली. अनुसयाबाई म्हणून एक भाजीवाल्या बाई आहेत, देवळीच्या बाजारात वांगी-मेथी घेऊन बसतात. त्यांचे सासरे फौजेत होते आणि दुसरं महायुद्ध संपल्यावर ब्रह्मदेशातून येताना ही तलवार घेऊन आले. घरात ती देवापाशी असायची. दसऱ्याला हळद-कुंकू, आणि घरात मूल झालं की पाचवीला बाळंतिणीच्या गादीखाली. आपल्याकडे उशाशी विळा ठेवतात ना, तसंच. त्या घरात विळ्याऐवजी जपानी तलवार, एवढाच फरक. पण परवाना नव्हता, आणि विनापरवाना हत्यार घरात ठेवलं म्हणून पोलीस पाटलांनी त्यांना घाबरवलं होतं. कुणीतरी माझं नाव सुचवलं. कागदपत्रांची लांबलचक कामं उरकून मी ती माझ्याकडे घेतली.

देताना अनुसयाबाई म्हणाल्या, "न्या भाऊ. तुमी नीट सांभाळान. पन आमच्या घरी लेकरू झालं का पाचवीले आनून देजा. पाच दिवसानं परत नेजा."

"हो, आणून देईन," मी म्हणालो. अगदी सहज. लग्नाच्या पंगतीत 'या बरं का घरी' म्हणतात, तसं.

घरी आणल्यावर मी पहिलं काम काय केलं, तर त्यावरचा सत्तर-पंचाहत्तर वर्षांचा हळद-कुंकवाचा थर अगदी हळुवार हाताने पुसून काढला. संग्राहकाच्या दृष्टीने ती घाण. मग जपानी पद्धतीप्रमाणे लवंगेच्या वासाचं तेल लावलं. या तेलाचा हात पात्यावर अगदी पातळ फिरवायचा असतो, पण वास जबरदस्त. आमची ती खोली कायम दातदुखीवाल्या माणसासारखी वास मारते. पात्याची मापं रजिस्टरमध्ये चढवली — लांबी सहाशे त्र्याहत्तर मिलिमीटर, मध्यभागी बाक सोळा. टोकापासून दोनशे दहावर धारेला एक खाच. सासऱ्यांनी कधीतरी तिने बाभूळ तोडली होती म्हणे. ऐकून माझ्या काळजाला घरं पडली होती.

नंतर अनुसयाबाईंची सून, वर्षा, तिला दिवस गेले. याआधी दोनदा दिवस जाऊन दोन्ही वेळा मूल राहिलं नव्हतं. त्यामुळे घरात कुणी मोठ्याने बोलतही नव्हतं. बाजारात भेटल्या की अनुसयाबाई फक्त म्हणायच्या, "ध्यानात हाये न भाऊ?" मी मान हलवायचो.

आठव्या महिन्यातच वर्षाची प्रसूती झाली, वर्ध्याच्या दवाखान्यात. मुलगी. दीड किलोसुद्धा नव्हती, श्वास घेता येत नव्हता म्हणून काचेच्या पेटीत मशीनवर ठेवली. पाचव्या दिवशी सकाळी अनुसयाबाईंचा फोन आला.

"भाऊ, आज पाचवी हाये. आनता न?"

आता दवाखान्यात तलवार कशी नेणार? दारावरचा गार्ड काय म्हणेल, परवान्याचं काय होईल... हे सगळं मी त्यांना सांगितलं. आणि खरं सांगायचं तर माझ्या आवाजात थोडी चीडही होती. म्हणालो, "बाई, पोरगी डॉक्टरांच्या हातात आहे. लोखंडाने काय होणार?"

 त्या म्हणाल्या, "तुमी हाव म्हनलं होतं भाऊ." आणि फोन ठेवला.

सुनंदा कणीक मळत होती. वर न बघता म्हणाली, "जमत नव्हतं तं हाव काऊन म्हनलं तेव्हा?"  अपराध्यासारखं वाटत होतं आणि त्याचा रागही येत होता. मग असं वाटलं की हात रिकामा आहे म्हणून डोकं फिरतंय. अकराच्या सुमारास खोलीत गेलो, ती तलवार काढली आणि जुनं तेल पुसून नवीन लावलं. पातं म्यानात घालून, कापडी पिशवीत बांधून जागेवर ठेवलं. खोलीला कुलूप लावलं. किल्ली माझ्या खिशात. हे सगळं मुद्दाम नीट लिहितोय, कारण नंतर मी हे स्वतःशी शंभरदा तपासलंय.

चैन पडेना. तीन वाजता ठरवलं, तलवार नाही तर नाही, निदान तोंड दाखवून माफी मागून येऊ. निघताना एसी बघायला म्हणून खोली उघडली... आणि दारातच थांबलो.

खोलीला वास नव्हता. लवंगेचा नाही, कसलाच नाही. चार तासांपूर्वी तेल लावलेल्या खोलीला वास नाही, हे मला समजेना. पिशवी तशीच, गाठ माझीच. पातं बाहेर काढलं तर कोरडं ठणठणीत. पांढरं कापड फिरवलं, त्यावर डागसुद्धा उमटला नाही. सुनंदाला बोलावलं. तिने कापड बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तुमी पयले दवाखान्यात जा."

साडेचारला पोचलो. वर्षाला नुकतंच बाळाकडे नेलं होतं आणि तिच्या रिकाम्या पलंगापाशी नर्स अनुसयाबाईंना झापत होती.

"मावशी, सांगितलं होतं ना, तेल-बिल आणायचं नाही म्हणून? आता हे कोण पुसणार?"

"मायबाई, म्या कायले आनू? सकाळपासून बाहेर बसून हावो मी."

चादर बदलायला गादी उचलली होती. खालच्या रेक्झिनवर तेलाची एक सलग ओली रेघ होती. थोडी बाकदार. आणि वास — मी तो अंधारातही ओळखला असता. 

टर्नरच्या खिशात टेप असतोच, रिटायर झाला तरी. मी गुडघ्यावर बसलो आणि मोजलं. लांबी सहाशे त्र्याहत्तर. बाक सोळा. टोकापासून दोनशे दहावर रेघ तुटलेली, नखाएवढी जागा कोरडी. नर्स म्हणाली, "काका, काय करताय?" मी म्हणालो, "एक मिनिट ताई, पुसू नका." तिला काय वाटलं कोण जाणे, पण ती थांबली.

खाली मेडिकलमधून खाकी कागद मागून आणला. रेघेवर पसरला आणि जपानी छापणारे ठशावर कागद ठेवून मागून हाताने घासतात, तसा तळहाताने हळूहळू घासला. उचलला तर कागदावर तेलाचं पातं उमटलेलं होतं, खाचेसकट. छापा स्वच्छ आला.

तेवढ्यात वर्षा व्हीलचेअरवरून परत आली. रडत होती, पण वेगळी. दुपारपासून बाळाचा श्वास सुधारला होता आणि डॉक्टरांनी मशीनचा जोर कमी केला होता. फुफ्फुसांचं औषध लागू पडलं, असं डॉक्टर म्हणाले, आणि त्यांचं म्हणणं मी शंभर टक्के मानतो. बाळ औषधाने वाचलं. पण तेल कुणी आणलं?

अनुसयाबाईंची माफी मागितली आणि कागद दाखवला. वाटलं, हात जोडतील, घाबरतील. त्यांनी शांतपणे घडी उलगडून पाहिला आणि परत दिला.

"तुमी नाई आनलं, तं ते आलं. त्यात काय एवढं?" मग पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "चहा घेता का भाऊ? तुमचं तोंड पांढरं पडलं."

या गोष्टीला दोन वर्षं झाली. मी कुलूप तपासलं, किल्ली तपासली, दवाखान्यात कुणी लवंगेचं तेल वापरतं का तेही विचारून आलो. एका जुन्या सहकाऱ्याला मापं दाखवली तर तो म्हणाला, "तू घरूनच रेघ काढून नेली असशील." मलाही तेच पटायला आवडलं असतं. स्पष्टीकरण आजही नाही, आणि तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर खरंच ऐकायचंय.

खाकी कागद एसीच्या खोलीत आहे, तेविसावं चित्र म्हणून. रजिस्टरमध्ये प्रत्येक चित्रापुढे छापणाऱ्याचं नाव असतं. याच्यापुढची जागा मी कोरी ठेवली आहे. छापलं मी, असं लिहायला हात होत नाही.

पोरगी आता सगळ्या घरभर पळते. गेल्या दसऱ्याला अनुसयाबाईंनी आमच्याकडे येऊन तलवारीला कुंकू लावलं तेव्हा मी पुसलं नाही. आणि वर्षाला पुन्हा दिवस गेलेत, सातवा लागलाय. या वेळी मी आधीच सगळीकडे जाऊन परवानगीचं विचारून ठेवलंय. दवाखान्यात जमलं तर तिथे, नाहीतर त्यांच्या घरी बाळंतिणीच्या खोलीत, पण पाचवीच्या सकाळी तलवार मी स्वतः घेऊन जाणार आहे. एकदा ती एकटी गेली. पुन्हा तिला एकटीला जायला लावणार नाही.