रशीदभाईंचा डावा पाय

आमच्या गल्लीत कुणी नवा कुकर आणला तरी चार दिवस बोलायला पुरतो. समोरचे रशीदभाई तर पिकअप घेणार होते, तीही मोठी, मागंही सीट असलेली, डिझेलवाली. मग किस्से साठणारच की! आणि माझी खिडकी नेमकी त्यांच्या दारासमोर. ती काय लावून बसू?

रशीदभाई कारखान्यातून चादरींचे गठ्ठे उचलून अक्कलकोट, गुलबर्ग्यापर्यंत पोचवतात. जुन्या गाडीचा क्लच दाबून दाबून डावा गुडघा गेला. डॉक्टरांनी सांगितलं, क्लच बंद, नाहीतर गाडी बंद. त्यांच्या बायकोनं, शमीमभाभींनी, दोनच वाटा ठेवल्या: ऑटोमॅटिक घ्या, नाहीतर ड्रायव्हर ठेवा. ड्रायव्हर म्हटल्यावर रशीदभाईंचं जेवणावरचं मन उडालं. त्यांच्या स्टेअरिंगला आजवर दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही.

*

संध्याकाळी रशीदभाईंच्या ओट्यावर मल्लूअण्णा आले. हे सीझनला साखर कारखान्यावर उसाचा ट्रॅक्टर चालवतात. चिखलात गाडी रुतली तर गिअर मागं-पुढं करूनच निघते, असं त्यांनी हातवारे करून समजावलं. मग म्हणाले, "गिअर न्हाय, क्लच न्हाय. मग ड्रायव्हरनं करायचं काय? हॉर्न वाजवायचा?"

भाभी चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "तुमच्या ट्रॅक्टरला तेवढा तरी आहे का, अण्णा?"

*

शोरूमला मीही गेले. माझं काय काम होतं? काही नाही. गेले.

आधी ऑटोमॅटिक. सेल्समन पुढं, मी आणि भाभी मागं. छान चालली होती. एवढ्यात म्हैस आडवी आली. रशीदभाईंचा डावा पाय सवयीनं क्लच दाबायला गेला. क्लच नव्हताच, पाय पडला थेट ब्रेकवर! गाडी जागच्या जागी थांबली. माझं नाक पुढच्या सीटला, सेल्समनचा चष्मा खाली.

रशीदभाई शांतपणे म्हणाले, "ब्रेक चांगलेत."

*

मग गिअरची चालवली. काय सांगू, माणूस वयानं कमी झाल्यासारखा दिसत होता. शीळ घालत परत आणली. पण उतरल्यावर पाय सरळ होईना. दाराला धरून उभे राहिले आणि टायर बघतोय असं दाखवू लागले.

भाभी बराच वेळ त्या टायरकडे बघत होत्या. मग सेल्समनला म्हणाल्या, "ऑटोमॅटिकच लिहा."

*

गाडी आली, पण डावा पाय काही ऐकेना. शेवटी रशीदभाईंनी युक्ती काढली. बसताना डावी चप्पल काढून ठेवायची. अनवाणी पायाला लक्षात राहतं म्हणे, की आपली आज सुट्टी आहे. उतरताना मात्र ती घालायचं विसरायचे. अक्कलकोटच्या एका दुकानदारानं त्यांना एक चप्पल घालून आलेलं बघितलं आणि काही न विचारता पोराला चपलांचा जोड आणायला पाठवलं.

*

मल्लूअण्णा हट्टानं एक फेरी मारून आले. आम्ही सगळे ऐकायला उभे. अण्णांनी किल्ली परत दिली, तोंडावर पाणी मारलं आणि म्हणाले, "लई झोप येती."

*

शेवटी गुडघ्याचं ऑपरेशन झालंच. आता काही आठवडे गाडी नाही, आणि माल तर पोचवायचाच. म्हणजे ड्रायव्हर आला! कोण, कुठला, मला कुणी सांगेना. माझा जीव राहीना.

एका सकाळी इंजिनाचा आवाज आला, तशी मी झाडू घेऊन बाहेर. स्टेअरिंगवर भाभी! ओढणी कानामागं घट्ट खोचलेली. शेजारी रशीदभाई, डाव्या पायाला हे एवढं बँडेज. कधी शिकल्या, कुणी शिकवलं, लायसन्स कधी काढलं? समोर राहून मला पत्ता नाही!

माझ्या दारापुढच्या स्पीडब्रेकरवर भाभींनी गाडी हळू केली. शेजारी रशीदभाईंचा बँडेजचा पाय पुढं सरकला आणि मॅटवर दाबला गेला. ते कळवळले.

भाभींनी मान वळवली नाही. "पांव उप्पर लेव. वां क्लच नै."

"मालूम है," रशीदभाई म्हणाले. "तू सामने देख."