हिरवं कार्ड, लाल कार्ड आणि सपरीतला पट

ग्राफिक्स कार्डावरून सख्खे भाऊ वेगळे होतात असं कोणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. आमच्या घरात मात्र ते होतच आलं होतं. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून नाही, घरावरून नाही. कॉम्प्युटरच्या डब्यात बसवायच्या एका पंखेवाल्या पाटीवरून!

सावली या गावी आमचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. मोठा भाऊ आणि मी मिळून चालवतो. गेम खेळणाऱ्या पोट्ट्यांना मशीन बांधून देणं हे त्यातलं माझं आवडतं काम. असली कार्डं करणाऱ्या बड्या कंपन्या दोन. त्यांच्या रंगावरून एकीला सगळे हिरवी म्हणतात, दुसरीला लाल. भाऊ हिरवीचा, मी लालचा.

हिरवीचा तोरा असा की भाव चढा ठेवायचा आणि दरवेळी नवी करामत दाखवायची. गेममधल्या ओल्या रस्त्यावर दिव्यांचा उजेड ती असा पाडते की बघत राहावं, हे मी आजही मान्य करतो. पण दोन चित्रांच्या मधलं तिसरं चित्र ती आपल्या मनानं काढून घुसवते आणि वर सेकंदाला इतकी चित्रं असा आकडा मिरवते, याचा मला भयंकर राग. दुधात पाणी घालून लिटर वाढवायचा धंदा, असं मी म्हणायचो. लाल कंपनी तेवढ्याच पैशात मेमरी जास्त देते आणि साध्या गेममध्ये सरळ पळते. यावर भाऊ म्हणायचा, "पळते, पण वीज किती खाते? अन् तुही लाल हिरवीनं भाव सांगेपर्यंत दबा धरून बसते, मंग त्याच्याहून थोडासा कमी लावते. याले का हिंमत म्हणतेत?" खरं होतं ते, म्हणूनच झोंबायचं.

पुढे पुढे आम्ही गिऱ्हाइकासमोर भांडायला लागलो. त्यानं हिरवं दाखवलं की मी लगेच कपाटातून लाल काढायचो. एकदा वैतागून तो म्हणाला, "तुले लालच विकाचं असन तं वेगळं दुकान टाक!" बोलून गेला बिचारा. पण माझं डोकं फिरलं. पोळा झाला आणि मी ब्रह्मपुरीला शटर भाड्यानं घेतलं, वर एक खोली घेतली, राहायलाही गेलो. भाऊनं एका शब्दानं अडवलं नाही. आता दुकानातला माल तेवढा वाटायचा राहिला होता. मी मंडईला गावी गेलो की तो वाटू, असं ठरलं.

मंडई म्हणजे दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव भरणारी जत्रा. दुकानं, पाळणे, रात्री नाटक आणि घरोघरी पाहुणे. मी सकाळीच पोचलो. वहिनीनं पाय धुवायला पाणी दिलं. सगळ्यांच्या आधी माझं ताट वाढलं, भातावर तूप सोडलं. ब्रह्मपुरीला गेल्यापासून मी कधीही आलो तरी हे असंच चाललं होतं. मला वाटायचं, माझे लाड होत आहेत. बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

जेवण झालं, मालाचा विषय निघाला आणि वहिनी उखडली. "वाटणी कराच्या आधी एकडाव पट लावून टाका न बाप्पा! कोणाचं कार्ड पळते, थे दिसून जाईन."

"लावू," मी म्हटलं. "मी हारलो तं ब्रह्मपुरीचं शटर वापस करतो."

भाऊ म्हणाला, "अन् मी हारलो तं माल तू निवड. अर्धा घेऊन जाय."

पट म्हणजे शंकरपट, बैलजोड्यांची शर्यत. घड्याळावर ज्याचे सेकंद कमी, तो जिंकला. आमच्या बाबांना त्याचं भारी वेड होतं. पट आमच्या गावात असला की बाबा सपाट बाजू बाहेरगावच्या जोडीला देत आणि खड्ड्याखुड्ड्याची बाजू स्वतः घेत. घरच्यानं खराब बाजू घ्यायची, ही त्यांची रीत. हारून आले तरी मिशीत हसायचे.

भाऊनं दुकानातून दोन मशीनं आणून सपरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत मांडली. आत सगळं सारखं, कार्ड तेवढं वेगळं. तारा त्यानंच जोडल्या, नेहमीसारख्या. गेम मोटारींच्या शर्यतीचा होता, चाचणीसाठी आपोआप पळणारा. सेकंदाला किती चित्रं निघतात तो आकडा पडद्याच्या कोपऱ्यात दिसत होता. जितका मोठा, तितकं कार्ड चांगलं. पण अर्धी मंडई सपरीत गोळा झालेली, आणि पटाच्या माणसांना मोठा आकडा जिंकतो हे पटेल कसं? माझा आकडा चढला की "गेला बे, गेला!" म्हणून चुकचुकत. भाऊचा उतरला की टाळ्या! मी बोंबलून समजावलं, कोणी ऐकेल तर शपथ.

कोरड्या रस्त्यावर मी पुढे होतो. मग गेममध्ये पाऊस आला, रस्ता चमकायला लागला आणि भाऊचं हिरवं पुढे निघालं. तेवढ्यात बाहेर पाळणेवाल्यानं मोटर सुरू केली. सपरीतली ट्यूबलाइट फडफडली आणि भाऊचं मशीन फट्‌कन बंद पडलं. त्यानं पुन्हा सुरू केलं, पुन्हा बंद. माझं आपलं पळतच होतं.

"हारलो," भाऊ म्हणाला. "माल निवडून घे."

मी जिंकलो होतो. पण डोक्यात किडा वळवळला. जास्त वीज खाणारं कार्ड माझं. व्होल्टेज पडल्यावर आधी माझं मशीन मरायला हवं होतं. मी टेबलामागे वाकून पाहिलं. घरात स्टॅबिलायझर एकच, फ्रिजचा. तो काढून माझ्या मशीनला लावला होता. भाऊचं मशीन सरळ भिंतीतल्या बोर्डात.

"हे काऊन केलं?"

"इथी व्होल्टेज पडते, तुले मालूम हाय."

"मंग आपल्याले कायले नाई लावला?"

"एकच हाय न गा. पाहुण्याले चांगली बाजू द्या लागते. बाबा नोहोते देत काय?"

पाहुणा! पाय धुवायचं पाणी, आधी वाढलेलं ताट, भातावरचं तूप, सगळं झर्रकन डोळ्यांपुढून गेलं. कसले लाड अन् कसलं काय.

"पाहुणा कोणाले म्हणून राह्यला भाऊ?" मी ओरडलोच. "याच घरात जन्मलो मी!"

"तूच गेला न," भाऊ म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला.

मी स्टॅबिलायझर उपटला आणि फ्रिजला नेऊन लावला. "आता दोघायचंही भिंतीत. कर सुरू!"

पाळणा फिरतच होता. दोन्ही मशीनं एकदमच बंद पडली. मागून एक म्हातारबुवा ओरडले, "बराबरी!" आणि सगळी सपरी हसली. भाऊ हसता हसता डोळे पुसत होता. मीही काही कोरडा नव्हतो. तिथूनच ब्रह्मपुरीला फोन लावला आणि शटर नको म्हणून सांगून टाकलं.

संध्याकाळी पंगत बसली. वहिनीनं आधी मंडईला आलेल्या पाहुण्यांना वाढलं, मग पोरांना, मग भाऊला. मी वाट पाहत बसलो.

"वहिनी, मले?"

"हात नाईत काय तुले? घे आपल्या हातानं."

मी उठलो, भात वाढून घेतला. तूप संपलं होतं.