तीन रंधे आणि एक फळी

महिपत दळवींनी आयुष्यात एकही गोष्ट कुणाला न विचारता केली नाही. लालबागची खोली विकून भाईंदर पश्चिमेला फ्लॅट घ्यायचा ठरला, तेव्हा त्यांनी ऑफिसातल्या एकोणीस जणांचं मत घ्यायचं ठरवलं. नऊ जण घ्या म्हणाले, नऊ जण नको म्हणाले आणि एकोणिसावा रजेवर होता. त्याची वाट बघेपर्यंत दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट गेला आणि पदरात पडला तो चौथ्या मजल्यावरचा, बिनलिफ्टचा. ऐकावे जनाचे, करावे मनाचे असं म्हणतात. महिपतरावांचं जनाचं ऐकणंच कधी संपलं नाही, त्यामुळे मनाची पाळी आली नाही.

असा माणूस २००४ साली, रिटायर झाल्यावर, हातात रंधा घेऊन उभा राहिला. कारण होती समिधा, त्यांची एकुलती एक मुलगी. साखरपुडा झाल्यापासून ती गप्प होती. रडत नव्हती, रागावत नव्हती, विचारलं तर जेवले म्हणायची, पण त्यापलीकडे शब्द नाही. लग्न अठरा दिवसांवर आलं होतं. मुलगी हसून चार शब्द न बोलताच सासरी जाणार, हे महिपतरावांना सहन होईना. अर्थात त्यांनी याबद्दलही सगळ्यांना विचारलं. बायको मनोरमा म्हणाली, माहेर सुटतंय म्हणून. मेहुणे म्हणाले, दागिने कमी पडले असतील. शेजारच्या उर्मिलाताई म्हणाल्या, "पोरगी हळवी आहे हो. तिच्यासाठी काहीतरी स्वतःच्या हाताने करा."

हे त्यांच्या मनात बसलं. अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना नवरा-नवरी ज्या पाटांवर उभी राहतात, ते दोन पाट आपण स्वतः करायचे. लालबागच्या खोलीतल्या जुन्या फळीवर ठेवलेले डबे बघत समिधा लहानाची मोठी झाली होती. ती सागाची फळी माळ्यावर होतीच. कापायच्या आधी ती फक्त रंधून गुळगुळीत करायची होती.

मग रंधा कुठला घ्यायचा, हा प्रश्न आला. केबिन रोडवरच्या हार्डवेअरवाल्याने लोखंडी रंधा काढून दाखवला. "काका, ये ले जाओ. मक्खन जैसा चलेगा." त्यांनी घेतला. घरी येताना जिन्यात तळमजल्यावरचे निवृत्त वर्कशॉपवाले भेटले. ते म्हणाले, सागाला लोखंड कशाला, लाकडी रंधा घ्या, हाताला गोड. दुसऱ्या दिवशी लाकडी आला. तो फळीवर उड्या मारायला लागला, तेव्हा सोसायटीत फर्निचरचं काम करणारा सुतार म्हणाला, "अंकल, तख्ता लंबा है, रंधा भी लंबा चाहिए." तिसऱ्या दिवशी हातभर लांबीचा रंधा आला. मनोरमाबाई म्हणाल्या, आता सुतारही आणा म्हणजे सेट पूर्ण होईल.

तिन्ही रंध्यांनी एकच केलं. दोन हात नीट जायचे आणि तिसऱ्याला पातं फळीत रुतून लाकडाचा लचका निघायचा. महिपतरावांनी पातं बाहेर काढलं, आत घेतलं, धार लावली, पुन्हा धार लावली. मेण लावा म्हणाले, मेण लावलं. तेल लावा म्हणाले, तेल लावलं. फळी दिवसेंदिवस देवीचे वण असलेल्या चेहऱ्यासारखी दिसू लागली आणि महिपतराव तिच्याकडे बघत बाल्कनीत तासन्‌तास बसून राहू लागले. आपलं नेमकं कुठे चुकतंय हेच त्यांना कळेना.

एक गोष्ट मात्र ते काटेकोरपणे पाळत होते. शुभकार्याचा पाट पूर्वेकडे तोंड करूनच घडवायचा, असं उर्मिलाताईंनी सांगितलं होतं. फळीचं जे टोक पहिल्या दिवशी पूर्वेला आलं, ते शेवटपर्यंत फिरवायचं नाही, अशी पुस्तीही जोडली होती. म्हणून त्यांनी फळीच्या एका टोकावर खडूने 'पूर्व' लिहून ठेवलं होतं. ते टोक रोज पूर्वेला.

शेवटी कुणीतरी उत्तनजवळच्या तारोडी गावातल्या धाकूचं नाव सांगितलं. होड्यांची दुरुस्ती करत म्हातारा झालेला माणूस. महिपतराव फळी चादरीत गुंडाळून उत्तनच्या बसने गेले. बरोबर तिन्ही रंधे. धाकू अंगणात जाळ्याजवळ बसला होता. रंध्यांकडे त्याने बघितलंही नाही. फळी मांडीवर घेतली आणि डोळे मिटून तळवा एकदा इकडून तिकडे, एकदा तिकडून इकडे फिरवला.

"यी बाजू कुनी लिवली?" त्याने खडूवर बोट ठेवलं.

महिपतरावांनी पूर्वेचं सगळं सांगितलं. धाकूने शांतपणे ऐकून घेतलं.

"पूर्वेला तोंड तुमी करा, त्याला कोन नको म्हनत न्हाय. फळी फिरवा. हिच्या लाकडाच्या रेघा त्या बाजूनं उलट्या हायत. तुमी हिला रोज उलटी वरबाडताय."

"मग कुठला रंधा वापरू?"

"कंचापन. एवढ्या गावाला इचारलंत, हिला इचारलंत का? हात फिरवला की सांगते ती."

महिपतराव परत आले ते चेहरा पाडूनच. इतकं सोपं होतं याचाच त्यांना राग आला होता. दुपारी त्यांनी खडू पुसला आणि फळी फिरवली. फळी हलायची म्हणून दुसऱ्या टोकावर कुणीतरी बसायला हवं होतं. मनोरमाबाईंचे गुडघे धरले होते. समिधा काही न बोलता येऊन बसली.

त्यांनी लोखंडी रंधा ढकलला. कागदासारखी पातळ साल सरसरत निघाली आणि वेटोळं होऊन समिधाच्या पायाशी पडली. दुसरी निघाली, तिसरी निघाली. महिपतरावांना हसू आवरेना.

"बघ, सगळ्या भाईंदरला विचारून आलो," ते म्हणाले, "आणि जिला विचारायचं तिलाच..."

ते तिथेच थांबले. रंधा फळीवरच राहिला. समोर समिधा मान खाली घालून बसली होती. अचानक त्यांच्या लक्षात आलं की परेशचं स्थळ आलं तेव्हा त्यांनी मेहुण्यांना विचारलं होतं, गुरुजींना विचारलं होतं, बोईसरला परेशच्या कंपनीच्या वॉचमनलासुद्धा विचारलं होतं.

"समिधा, तुला हे लग्न करायचंय ना गं?"

तिने पायाशी पडलेली एक साल उचलली. मग म्हणाली, "बाबा, साखरपुड्याला तुम्ही फोटोग्राफरलापण विचारलंत, हिला कुठल्या बाजूला बसवू म्हणून. मी वाट बघत होते."

"कसली?"

"माझा नंबर यायची."

महिपतरावांना रडू येत होतं आणि रडायची ही वेळ नव्हती.

"आलाय नंबर," ते कसेबसे म्हणाले. "सांग."

"परेश वाईट नाहीये, बाबा. पण मला नकोय हे लग्न."

ते उठले आणि हात न धुताच फोनपाशी गेले. मनोरमाबाईंनी दारातून सगळं ऐकलं होतं.

"अहो, पत्रिका वाटून झाल्यात. निदान माझ्या दादाला तरी विचारा आधी."

"विचारत नाहीये," महिपतराव डायरी उघडत म्हणाले. "परेशच्या वडलांना सांगतोय."

पलीकडे रिंग वाजू लागली. रिसीव्हर त्यांनी खाली ठेवला नाही.