चवथीला अंगणात पडलेला बर्फ

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसते. पांढऱ्या साडीतली बाई, पिंपळाखाली विझणारी बॅटरी... बाईला दुसरा रंग मिळत नाही का? आमच्या भागात देवचाराला मानतात. गावाची राखण करणारा तो. लग्न होऊन सासरी आले तेव्हा सासूबाईंनी मला त्याच्या वाटेवर तिन्हीसांजेला जायचं नाही म्हणून बजावलं होतं. मी मुद्दाम गेले. काही झालं नाही. मी अशी बाई आहे, हे आधी सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचून कोणी मला भोळीभाबडी ठरवू नये.

जे घडलं ते भर दुपारी घडलं, चवथीच्या आरतीला, घर माणसांनी भरलेलं असताना. आणि त्याच दिवसामुळे मला माझ्या नवऱ्याचं तोंड शेवटचं बघायला मिळालं नाही. ते का, हेच सांगायचं आहे.

माझं माहेर दोडामार्गकडचं. सासर डिचोली तालुक्यात, लाटंबार्से गावात. पुढे भातशेती, मागे काजूची बाग. माझे मिस्टर खाणीवर पोकलेन चालवायचे. एकदा खाणीवर दगड पडून त्यांच्या डाव्या पायाची बोटं मोडली आणि वाकडी बसली. तेव्हापासून ते पाऊल आत वळवून टाकायचे. चिखलात त्यांचं पाऊल मी लांबूनही ओळखायची. मग कोण एक कॉन्ट्रॅक्टर आला आणि चांगले ऑपरेटर म्हणून त्यांना आणि आणखी काहीजणांना हिमाचलात घेऊन गेला. वर डोंगरात रस्त्याचं काम होतं. तिथे चवथीच्या दिवसांतसुद्धा बर्फ पडतो, असं ते सांगायचे.

आमच्या घरी फोन नव्हता. वाडीवर एकच, बाबनीच्या पोसऱ्यावर. पोसरो म्हणजे आमच्याकडचं किराणा दुकान. ते ठरवून रविवारी फोन करायचे आणि मी तिथे जाऊन बसायची. एकदा मी विचारलं, बर्फ दिसतो कसा?

"कितें सांगूं तुका? सावरीचो कापूस पडटा कसो दिसता. हातांत घेतलो की उदक," ते म्हणाले. "एकदां तुका दाखयतलों."

आणि मग नेहमीचं, "चवथीक येतलों."

बाहेरच्यांना हे कळायचं नाही. गोव्यातला माणूस दिवाळीला आला नाही तरी चालतं, पण चवथीला घरी येतोच. भावाभावांचं कितीही फाटलेलं असो, गणपती एकच, मूळ घरातला, आणि त्याच्यासमोर सगळ्यांनी उभं राहायचं. पण त्या वर्षी ह्यांना रजा मिळाली नाही. मी फुगून बसले होते. शेवटच्या फोनवर नीट बोललेसुद्धा नाही.

घरात सत्ता थोरल्या भावोजींची, म्हणजे ह्यांच्या मोठ्या भावाची. त्यांच्या मुलीचं लग्न त्याच वर्षी झालेलं. लेकीची पहिली चवथ, नवा जावई पहिल्यांदा गणपतीला येणार, विहिणीकडे नेवऱ्यांचं आणि लाडवांचं ओझं जायचं होतं. भावोजी महिनाभर त्या एकाच तालात होते. माटोळीला, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर बांधतात त्या फळाफुलांच्या चौकटीला, लावायला रानातून काय काय आणलं होतं त्यांनी! कुणाचं बोट लागू द्यायचे नाहीत.

चवथीच्या सकाळी मी मागच्या खोलीत पातोळ्यांसाठी हळदीची पानं पुसत होते. खिडकीतून गडग्याजवळ, म्हणजे अंगणाच्या दगडी कुंपणाजवळ, बाबनी दिसला. सणाच्या दिवशी माणूस हसत आत येतो, हा बाहेरच उभा होता. माझ्या मनात दुसरं काय येणार? ह्यांचा फोन! हात पुसत धावले. तोवर भावोजी गडग्यापाशी पोचले होते आणि त्यांनी हात वर केलेला होता, बस थांबवतात तसा. बाबनी खाली मान घालून परत निघाला.

"ह्यांचो फोन इलो काय?" मी विचारलं.

"न्हय गो. साखरेचें विचारूंक आयिल्लो. तूं भितर वच."

बाबनीने वळून एकदा माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला तेव्हा कळायला हवी होती. पण चुलीवर खतखत्याची भाजी होती, जाऊबाई हाका मारत होत्या. मी आत गेले.

दुपारी पूजा झाली आणि आरती सुरू झाली. पाऊस थांबून ऊन पडलं होतं. पुरुष मंडळी घुमटं, म्हणजे आमची मातीची वाद्यं, घेऊन गणपतीपुढे, बायका बाजूला, मी सगळ्यांच्या मागे दाराशी. आरती रंगात आलेली आणि एकाएकी घुमट बसलं. घुमटाचं कातडं गारठलं की सैल पडतं, आवाज भद्द येतो. एकाचं बसलं, मग दुसऱ्याचंही. वाजवणारे एकमेकांकडे बघायला लागले. माझ्या पाठीला दाराकडून गारवा लागला... भाद्रपदात आमच्याकडे घामाने ब्लाउज चिकटतो, आणि माझ्या तोंडातून वाफ निघाली.

मी वळले.

अंगणात पांढरं पडत होतं. अगदी सावकाश. उन्हातच. तुळशीवर, गडग्यावर, ओल्या मातीवर. गडग्यापलीकडचं शेत हिरवंगार होतं आणि तिथे काही नव्हतं. फक्त आमचं अंगण.

"गारो!" जावई ओरडला. गारा नव्हत्या त्या. गार खड्यासारखी पडते, कौलं वाजतात. इथे कसलाच आवाज नव्हता. मी पायरी उतरले, हात पुढे केला. हलकं, मऊ काहीतरी तळव्यावर बसलं आणि पाणी होऊन गेलं. बोटं बधिर झाली.

आणि मग मला पावलं दिसली.

गडग्याकडून दारापर्यंत, त्या पांढऱ्यात, बुटांची पावलं. एक सरळ, एक आत वळलेलं. पायरीपाशी दोन्ही एकमेकांना लागून, चवडे घराकडे. तिथे संपली. परत जाणारी नव्हती. सोपा, म्हणजे दाराजवळचा बसायचा कट्टा, कोरडा होता. कोणी बसलं नव्हतं. कोणी उंबऱ्यावर आलं नव्हतं.

मी वर पाहिलं तर भावोजी माझ्या मागे उभे होते. ते पावलांकडेच बघत होते. त्यांचा चेहरा असा झाला की मी त्यांना धरायला हात पुढे केला. सख्खा भाऊ. त्या पावलाची ओळख त्यांना माझ्याआधीची.

"भावोजी, हीं पावलां..."

"सावरीचो कापूस तो. वाऱ्यान हाडला."

मग त्यांनी कोपऱ्यातली हिराची झाडू उचलली. जन्मात त्या माणसाने झाडूला हात लावला नव्हता. आणि चवथीच्या दिवशी, सोवळ्यात, ते अंगण झाडायला लागले. दारापासून गडग्यापर्यंत, एकेक पाऊल. झाडता झाडता आत बघून ओरडले, "आरती म्हणात रे! थांबूं नाकात!"

आणि आतल्यांनी म्हटली! बसलेल्या घुमटांवर, भद्द भद्द... पुढची आरती सुरू झाली. एवढी माणसं होती, सगळ्यांनी डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं.

सावर चैत्रात फुटते. भाद्रपदात सावरीला कापूस कुठला? पण मला वेगळंच टोचलं. बर्फाला सावरीचा कापूस असं ह्यांनी म्हटलं होतं, ते फोनवर, मला एकटीला. भावोजी त्यांच्याशी फोनवर कधी बोलत नसत.

मी पोसऱ्याकडे निघाले तर जाऊबाईंनी दंड धरला. "गणपती बसला गो घरांत. आज भायर वचूं नाका. सगळें मोडटलें." तो हात मी झटकून टाकला आणि गेले. पोसऱ्याला कुलूप. बाबनी आपल्या मूळ घरी पेडण्याला गेला होता, त्याच्या गणपतीला. फोन आत, मी बाहेर. आतला फोन एकदा वाजायला लागला... वाजून वाजून थांबला. मी कुलपाला धरून उभी होते.

आमचा गणपती दीड दिवसाचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी व्हाळावर विसर्जन करून आलो, पाय ओलेच होते, आणि बाबनी येऊन अंगणात उभा राहिला. भावोजी त्याला म्हणाले, "आतां सांग."

ह्यांचं मशीन चवथीच्या पहाटे बर्फावरून घसरून दरीत गेलं होतं. फोन सकाळीच आला. तिकडे प्रेत ठेवायची सोय नव्हती. घरचं कोणी येत असेल तर तसं कळवा, आम्ही बर्फात ठेवतो, संध्याकाळपर्यंत निरोपाची वाट बघतो, असा तो फोन होता. 'थांबा' एवढाच एक शब्द कळवायचा होता. तो कोणी कळवला नाही, आणि त्यांनी तिथेच अग्नी दिला.

बाबनी रडत होता. चवथीच्या सकाळी गडग्यापाशी त्याने तोंड उघडायच्या आतच भावोजी त्याला म्हणाले होते, "कितें आसा तें फाल्यां सांग. आयकलें ना जाल्यार सुतक लागना."

फाल्यां म्हणजे उद्या. आमच्यात सुतक ऐकल्यापासून धरतात. ऐकलंच नाही तर गणपती मोडत नाही, लेकीची पहिली चवथ मोडत नाही, जावई उपाशी परत जात नाही. शास्त्रात बसतं सगळं. मी दीड दिवस केसांत फुलं घालून, हिरव्या बांगड्या भरून नैवेद्य रांधत होते, त्याचं शास्त्र मला कोणी सांगितलं नाही.

वर्षाच्या आत मी ते घर सोडलं. वाळपईला अंगणवाडीत लागले, तिथेच रिटायर झाले. आता वास्कोला भाचीकडे असते. मधे एकदा अंगणवाडीच्या बायकांबरोबर मनालीला सहल गेली होती. बर्फ हातात घेतला. तोच स्पर्श, तशीच बोटं बधिर. बायका एकमेकींवर गोळे फेकत होत्या. मी बसमध्ये जाऊन बसले.

गेल्या वर्षी जाऊबाई वारल्या म्हणून लाटंबार्स्याला गेले. भावोजी सोप्यावर बसलेले. आता त्यांना खरोखरच ऐकू येत नाही. देवाला विनोद कळतो म्हणायचा! मी त्यांच्या कानाशी जाऊन, सगळ्यांसमोर, ओरडून विचारलं, "भावोजी, त्या चवथीक अंगणांत पावलां पळयल्लीं न्हय तुमी? कोणाचीं आसलीं?"

त्यांना ऐकू आलं. डोळ्यांवरून कळलं मला. ते अंगणाकडे बघत राहिले, मग म्हणाले, "फाल्यां सांग."

ज्यांना सांगितलं त्यातले शिकलेले म्हणतात, गारा. बाकीचे म्हणतात, देवचाराची करणी. त्या भर उन्हात एकट्या आमच्या अंगणात बर्फ कुठून आला, मला माहीत नाही, आणि आता ते कळेल असंही वाटत नाही.

ती पावलं पायरीपाशी का थांबली, एवढं मात्र मला कळतं. आत गणपती होता. चवथीला येतो म्हणाले होते, आले, आणि दारातच थांबले. त्या घरात त्या दिवशी सुतक पाळलं ते एकट्या त्यांनीच.