आबांनी मागितलेला वारा

आमच्या घरी कॉफी कोणी पीत नव्हतं. पाहुणा फारच मोठा असला तर जायफळ घालून दुधात व्हायची, आणि तीही त्याच्या कपात गार होऊन जायची. त्यामुळे माझा धाकटा भाऊ परदेशात जाऊन कॉफी वाहतो, हे एरंडोल तालुक्यातल्या आमच्या गावाला समजावून सांगताना आमच्या वडिलांची, आबांची, फार दमछाक व्हायची. त्यात ती बोट शिडाची. समुद्रापलीकडे झाडांच्या सावलीत, औषध न फवारता वाढवलेली कॉफी पोत्यांत भरायची आणि निव्वळ वाऱ्यावर युरोपात न्यायची, हे त्याचं काम. पारावरचे लोक विचारायचे, "बोटले इंजिन नही का?" आबा हसून म्हणायचे, "शे ना. पण तो लावत नही."

वाऱ्याशी आबांचं जन्माचं वैर होतं. केळीवाल्याचं असतंच. बागेभोवती त्यांनी वारा अडवायला दाट शेवरी लावलेली, प्रत्येक घडाच्या झाडाला पट्टीने बांधलेलं, आणि वैशाख उजाडला की ते रोज संध्याकाळी बांधावर उभे राहून पश्चिमेकडे बघायचे. घड भरलेलं केळीचं झाड म्हणजे डोक्यावर हंडा घेतलेली बाई, जरा धक्का लागला की संपलं. माझं सासर पिंपळनेरकडचं. लग्नात वऱ्हाड साक्रीच्या पठारावरून जाताना पवनचक्क्या दिसल्या, तेव्हा आबा बराच वेळ खिडकीला नाक लावून बसले होते. "वाराले बी कामले लाई दिन्हं यास्नी," म्हणाले. वाऱ्यालाही कामाला लावल्याचं ते कौतुक होतं की चीड, मला तेव्हा कळलं नाही.

भावाने विमानात न बसण्याची शपथ घेतली होती. विमानाच्या धुराने पृथ्वी तापते, असं तो सांगायचा. ते खरंही असेल. मागे एकदा तो आला तो रेल्वे, बस, बोट, पुन्हा रेल्वे असं करत, वाळून चिपाड होऊन आला. आबांना त्या येण्याचा केवढा अभिमान वाटला होता. भेटेल त्याला सांगत सुटले. मला मात्र तेव्हाच वाटलं होतं की ही चैन आहे. आमच्या गावातल्या अर्ध्या लोकांनी विमान आभाळातच पाहिलेलं. सोडायला आधी हातात तर असावं लागतं.

मग आबांचं हृदय थकलं. जळगावच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं, त्याचा अर्थ आम्हांला कळला. मी धुळ्याहून शाळेतून रजा काढून आले आणि पहिला फोन त्याला लावला. आम्ही भावंडं शिकलो तशी एकमेकांशी पुस्तकी मराठी बोलू लागलो होतो. तो तिकडच्या बंदरात होता, पोती चढत होती.

"विमानाने ये," मी म्हटलं.

"अक्का, मी विमानात बसत नाही. आबांना ठाऊक आहे."

"आबांकडे वेळ नाही. हे तुला ठाऊक आहे का?"

तो म्हणाला, "एवढी फेरी झाली की तडक निघतो. आबा समजून घेतील."

आबांनी समजून घेतलं, हीच तर रड होती. मी आदळआपट करत होते आणि ते मलाच समजावत होते. बोट कुठे आहे ते मोबाइलवर दिसायचं. निळ्या पाण्यात एक ठिपका. त्यांना बारीक दिसत नसे. मी सकाळी तोंड धुवून आले की उशीवरून विचारायचे, "बोट हालनी का?" हलली असली तर चहा घ्यायचे. नसली तर विचारायचे, "तठे वारा नही का?" मग ठिपका एका जागी बसला. आज हलेल, उद्या हलेल करत दिवस गेले, आणि आबांचं खाणं कमी कमी होत गेलं. जन्मभर वाऱ्याला शिव्या देणारा माणूस खिडकी उघडी ठेवायला सांगू लागला. पडदा हलला की म्हणायचे, "मना आंडोरले वारा जोयजे." आंडोर म्हणजे मुलगा. मुलगीही तिथेच बसलेली होती, पण ते जाऊ द्या.

मृगाच्या आधी एका दुपारी वावटळ उठली. पाऊस नाही, थेंब नाही, नुसता वारा. पत्रे वाजले, अंगणातली खाट भिंतीवर जाऊन आदळली. वारा पडल्यावर चुलतभाऊ शेतातून धावत आला. दारातूनच म्हणाला, "आबा, बठ्ठी बाग आडवी व्हयनी."

कटाईला आलेली सगळीच्या सगळी बाग होती. मी आबांचा हात धरला. मला वाटलं, हे ऐकूनच जातील. आबांनी डोळे उघडले. कित्येक दिवसांत त्यांच्या चेहऱ्यावर मी तसा उजेड पाहिला नव्हता.

"पडू दे," ते म्हणाले. "तठे बी वारा सुटना व्हई."

तिकडेही वारा सुटला का ते मी मोबाइलवर पाहिलं. ठिपका कालच्याच जागी होता. "हालनी, आबा," मी म्हटलं. त्यांनी चहा मागितला.

त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. पाणी चुलतभावाने पाजलं, अग्नीही त्यानेच दिला. बोट बंदराला लागल्यावर भावाला कळलं. तो दशक्रियेच्या आदल्या दिवशी आला, दाढी वाढलेली, पाठीवर पिशवी. मी तारखा मनात जुळवल्या. रेल्वे आणि बसने इतक्या लवकर कोणी पोचत नाही.

पिशवीतून त्याने कॉफीची पुडी काढली. आबांसाठी आणली होती. फोटोपुढे ठेवली, मग स्वतःच चुलीपाशी जाऊन बिनदुधाची केली. जमलेल्या बायकांनी एकेक घोट घेऊन पेले खाली ठेवले. मी सगळी प्यायले. चांगली होती, हे म्हणणं मला आजही जड जातं.

संध्याकाळी त्याला बागेत नेलं. आडवी खोडं काळी पडून सडत होती, घड तसेच नव्या पावसाच्या चिखलात. आबा या वाऱ्यावर कसे खूश झाले होते ते मी त्याला सांगितलं. त्याला बरं वाटावं म्हणून नाही सांगितलं. त्याला लागावं म्हणून सांगितलं. तो एका खोडावर बसला आणि तोंड झाकून रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही.

त्याचं रडणं थांबल्यावर मी विचारलं, "विमानाला किती वेळ लागला?"

"एक रात्र," तो म्हणाला.