दरवाजा दिसतोय की

किसनराव वाघमोडे गेल्याचा फोन दुपारी आला. मी पहिला प्रश्न विचारला, "कुठे पडले?" पलीकडे त्यांचा मुलगा होता. तो म्हणाला, "पडले नाय, काका. जेवून आडवे झाले ते उठलेच नाय..." माझा प्रश्न त्याला विचित्र वाटला असणार. त्यामागे वर्षभराचा संशय होता.

किसनराव दौलताबादच्या किल्ल्यावर गाईड होते. तिथला काळोखा, वळणावळणाचा भुयारी जिना म्हणजे अंधारी. तिच्या मधोमध ते बॅटरी विझवायचे आणि नुसत्या आवाजावर माणसं वर न्यायचे. मी छत्रपती संभाजीनगरात एका दैनिकाच्या डेस्कवर होतो. त्यांच्या किश्श्यांतल्या चुका काढता काढता मैत्री झाली. मला ते 'पेपरवाले' म्हणत.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत ते आणि सुनंदावहिनी माझ्यासोबत पनवेलला, माझ्या मुलीकडे आले होते. त्यातला एक दिवस आम्ही मुरूडला गेलो. जंजिरा पाहण्याचा हट्ट किसनरावांचा. "जन्मभर एकच किल्ला सांगतोय. दुसऱ्याचा गाईड काय थापा मारतो ते ऐकू तरी, पेपरवाले."

राजपुरीहून शिडाची होडी निघाली. अर्ध्या वाटेवर होडीवाल्याने, बहुधा रोज विचारत असेल तसं, विचारलं, "दरवाजा दिसतोय काय कोणाला?" सगळे डोळे बारीक करून तटाकडे पाहू लागले. 'नाही, नाही' असे आवाज आले. किसनराव ठामपणे म्हणाले, "दिसतोय की! लई मोठा हाय."

होडीवाला हसला. "काका, अगदी जवळ गेल्याशिवाय तो कोणालाच दिसत नाय. तीच तर करामत हाय."

होडीभर हशा झाला. किसनरावही हसले. मी हसलो नाही. ज्यांना नीट दिसत होतं, ते सगळे 'नाही' म्हणाले होते.

किल्ल्यात वहिनी मागे राहिल्या तेव्हा किसनरावांना गाठून डोळ्यांबद्दल विचारलं. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. काचबिंदू होता, दोन्ही डोळ्यांना. "अंधारीत कुणाला कळतंय? तिथं समदेच आंधळे."

"आणि तुमच्या भरवशावर कुणी घसरलं तर?"

ते म्हणाले, "सोडतो अंधारी. पण हिला कळू देऊ नका. लई धसका घेईल." मी कबूल झालो. विश्वास मात्र ठेवला नाही.

परतल्यावर दोन रविवारी, त्यांना न कळवता, मी दौलताबादला गेलो. दोन्ही वेळा ते खाली खंदकापाशी बसून पर्यटकांना गोष्टी सांगत होते. वर का जात नाही, असं कुणी विचारलं की 'गुडघे गेले' म्हणत. तरीही मला वाटत राहिलं की मी पाठ फिरवली की हा माणूस वर जात असेल. एवढं पाहूनही फोनवर मी तोच प्रश्न विचारला, याची आता लाज वाटते.

तीन आठवड्यांनी त्यांच्या घरी गेलो. वहिनींपासून लपवलेलं आता सांगावं का, हे ठरत नव्हतं. खोलीत उजेड कमी होता, म्हणून खुर्ची खिडकीजवळ ओढून बसलो. किसनरावांच्या डोळ्यांचा विषय मी काढलाच नाही. निघायला उठलो, तशी त्यांनी बोलता बोलता खुर्ची उचलली आणि भिंतीलगत, फरशीवर जिथे तिच्या चार पायांच्या खुणा उमटल्या होत्या, बरोबर तिथेच ठेवली.

"राहू द्या की वहिनी, नंतर ठेवा."

"नाय भाऊजी," त्या म्हणाल्या, "ह्यांच्या पायात येती."