आप्पांनी पुढं केलेलं घड्याळ

“आरं, आप्पा कामावर आल्यात!” सुपरवायझर असा ओरडला, की कारखाना रांजणगावात असूनही शिरूरच्या बाजारातल्या कोंबड्या उडाल्या असतील.

त्याच्या हातात सर्व्हरच्या नोंदीचा कागद होता. सकाळी सहा, लॉगिन, नाव आप्पांचं. आणि टूलरूमच्या आप्पांचं तेरावं आम्ही आदल्याच दिवशी दौंडला जेवून आलो होतो.

तेव्हापासून कटिंग मशीनच्या कॉम्प्युटरपाशी रोज कोणीतरी चहाचा कप ठेवू लागलं. बिहारी ऑपरेटर हात जोडून म्हणायचा, “चाचा, नाराज मत होना.” मी सगळ्यांत मोठ्यानं हसायचो. कारखान्यातले कॉम्प्युटर मीच सांभाळायचो; भूत माझंच होतं ना!

तो कॉम्प्युटर लिनक्सवाला आणि ड्रॉइंगं ऑफिसच्या विंडोज सर्व्हरवर; दोघांची भाषाच वेगळी. सर्व्हर ओळखीशिवाय कुणाला दारात उभं करत नाही. मशीनला स्वतःची ओळख मिळावी म्हणून मी हजार वेळा खटपट केली, हजार वेळा हाकलला गेलो. शेवटी आप्पाच म्हणाले, “घाल माझं नाव न् पासवर्ड. मी कुठं पळून चाललोय?” घातलं, आणि साहेबांना छाती फुगवून सांगितलं, काम फत्ते. तेव्हापासून रोज सकाळी सहाला मशीन सुरू झालं, की आप्पांच्या नावानं आपोआप सर्व्हरमध्ये शिरायचं.

आप्पा पळाले. ऑफिसचं फर्मान आलं: उद्यापासून त्यांचं खातं बंद. म्हणजे मशीन बंद, माझी थाप उघडी आणि नोकरीही गेली.

दुपारी पुन्हा बसलो. सर्व्हरची कुरकुर पहिल्यांदाच नीट वाचली: दोघांची वेळ जुळत नाही. पाहतो तर मशीनचं घड्याळ दहा मिनिटं पुढं! मी ते मागं घेतलं, तोच पाठीमागं कोणीतरी खाकरलं, अगदी आप्पांसारखं. वळलो तर कोणी नाही. सकाळचा भरलेला कप रिकामा. हे मी शपथेवर सांगतो. माझ्या शपथेची किंमत गावाला ठाऊक आहेच.

सर्व्हरनं मशीनला मुकाट आत घेतलं. दुसऱ्या दिवशी सहाच्या नोंदीत आप्पा नव्हते. नोकरी वाचली, पण त्या कॉम्प्युटरकडं पाठ करून उभं राहायची माझी हिंमत होईना.

तेवढ्यात रोज दौंडहून बसनं ये-जा करणारा ऑपरेटर आला. पडद्यावरच्या घड्याळाकडं बघत राहिला.

“ह्ये मागं कुणी केलं?”

“मी. चुकीचं होतं.”

“आप्पांनी आमच्यासाठी पुढं ठेवलं व्हतं,” तो म्हणाला. “ह्येच बघून आमी सुटायचो. काल दौंडची बस चुकली.”